गोराईच्या खोकल्याच्या बशा

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मी गोराई सोडली, तेव्हा आय चिखल तुडवत होडीपर्यंत आली. माझ्या हातात सुक्या बोंबलांचं बोचकं कोंबून म्हणाली, "तिकडचे लोक ग्वाड बोलतील. तू ऐक, पन लगेच हो बोलू नको." मी हसले. बीएस्सी झालेल्या पोरीला आय काय शिकवणार! अंधेरीला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. खाडीपलीकडे बोरिवली, तिथून पाच स्टेशनं. तुमच्यातले जे माझ्यासारखे होडीत बसले, त्यांना ठाऊक आहे, एवढ्याशा अंतरातही माणूस परका होतो.

माझे साहेब डांग्या खोकल्याच्या जंतूंवर काम करत. पोरं खोकून खोकून निळी पडतात, तो खोकला. जंतू पकडायची रीत विचित्रच होती. उकडलेला बटाटा, ग्लिसरीन आणि जनावराचं ताजं रक्त घालून काचेच्या बशीत लालभडक थर जमवायचा, आणि पोराला उबळ आली की ती बशी तोंडासमोर धरायची. तीन-चार दिवसांनी थरावर पाऱ्याच्या बारीक थेंबांसारखे ठिपके उगवत. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मी एकटीनंच टाळ्या पिटल्या होत्या.

पण खोकणारी पोरं आणायची कुठून? साहेब म्हणाले, "लूसी, तुझ्या गावात आहे ना हा खोकला? बशा भरून आण. लस तयार झाली की पहिली खेप गोराईला." मी लगेच हो म्हटलं.

रक्ताची बशी लेकराच्या तोंडाशी धरू देईल अशी आई सापडते का कुठं? फादरांनीसुद्धा भुवया चढवल्या. शेवटी माझी वहिनी आग्नेस पुढं झाली. "लूसी घरची हाय. ती वायट करंल काय?" म्हणत तिनं आपल्या खोकणाऱ्या पोरीला, सेलिनाला, मांडीवर घट्ट धरलं. सेलिना त्या दुखण्यातून उठली. मग दारोदार बाया खोकणारी पोरं घेऊन मला थांबवू लागल्या. प्रत्येकीला मी सांगत होते, लस आली की पहिली आपल्याला. बशा गार पडू नयेत म्हणून पदराखाली पोटाशी धरून मी होडीत बसत असे. दोन वर्षं हेच केलं.

लस तयार झाली. पहिली खेप घाटकोपरच्या बंगल्यांतल्या पोरांना टोचली, दुसरीही तिकडेच. मी विचारलं, तर साहेब फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "गोराईला कुठं बाई? खाडी ओलांडेपर्यंत औषध तापून खराब होईल." बशा आणल्या तेव्हा बरी आडवी आली नाही ती खाडी! पुढं लेख छापून आला. त्यात साहेबांचं नाव, त्यांच्या जावयाचं नाव. माझं नाही, गावाचंही नाही. नावाचं मी गिळलं असतं. पण त्या माणसानं माझ्या तोंडून माझ्याच माणसांना फसवलं. त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

त्याच वर्षी पाऊस सरता सरता आग्नेसचा चार महिन्यांचा धाकटा त्याच खोकल्यानं गेला. मी पोचले तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, "लूसी, तुजी लस कवा येनार व्हती गं?" आणि तरीही सोमवारी मी कामावर गेले. आणखी तीन वर्षं तिथंच राहिले. नोकरी सोडली तर अंधेरीतली खोली जाईल, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे ते ठिपके पाहिल्याशिवाय मला करमत नव्हतं.

पुढं मी सरकारी लसीकरणात शिरले आणि हट्टानं गोराई मागून घेतली. बर्फाच्या डब्यातून लस होडीनं नेली. काही खराब झाली नाही. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ओट्यावर मी आणि एक नवखी नर्स शेजारी शेजारी बसलो. "लूसी, दमलीस ना गं?" बायांनी प्रेमानं विचारलं. आग्नेसनं घरून जेवण आणून माझ्यापुढं ठेवलं. मग कडेवरचं नवं बाळ घेऊन ती त्या नर्सपुढं जाऊन उभी राहिली. तिच्यामागं बाकीच्याही. मी सुई भरून तशीच बसून राहिले.

अंधेरीत मला अजून गोराईची म्हणतात. गोराईत माझं ताट अजून वाढलं जातं. मूल मात्र तिथं कुणी माझ्या हातात देत नाही.