बैठकीहून आलेलं तोंड

पेणजवळच्या जोह्यात मनातलं तोंडावर न दिसू देता राहणं आजवर कुणाला जमलेलं नाही, आणि पुंडलिक म्हात्रेला तर मुळीच नाही. अहो, अख्खं गाव गणपतीच्या कारखान्यांवर जगतं. इथला धंदाच मुळी तोंडं बघण्याचा. मूर्तीची भुवई केसभर वर गेली तरी समोरच्या घरातली बाई भाकरी थापता थापता ओरडते, "अरे, तो रागावल्यासारखा दिसतोय बघ!" अशा गावात पुंडलिकनं चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे आखले. हंगामाला दोन हजार डोळे, सगळे सारखे शांत. स्वतःचं तोंड मात्र असं, की आमटी खारट झाली तरी गल्लीच्या टोकापर्यंत कळावं.

आणि असल्या माणसाला कुणी गुपित सांभाळायला बसवावं? मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळानं बसवलं.

सहा वर्षांपूर्वी त्याचा घशाचा कॅन्सर तिथंच बरा झाला होता. आता तिथं पोटाच्या कॅन्सरवर एका नव्या गोळीची चाचणी चालली होती, आणि तिच्यावर देखरेख करायला समिती हवी होती. चार डॉक्टर, एक आकडेमोडीतली तज्ज्ञ आणि नियमाप्रमाणे एक सामान्य माणूस. फोन आला तेव्हा पुंडलिकनं इकडेतिकडे पाहिलं, आपल्यापेक्षा सामान्य कुणी दिसेना, म्हणून हो म्हणाला.

आकडेमोडीतली तज्ज्ञ म्हणजे रोह्याची मृणाली. समितीची ओळख करून दिली त्या दिवशी परतीच्या गाडीत तिनं त्याला सगळं पुन्हा समजावलं. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळतात. वर अर्ध्यांना नवी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, जिच्यात औषधच नाही. कुणाला कुठली, ते पेशंटला ठाऊक नाही नि डॉक्टरलाही नाही. समितीनं तीन वर्षांत फक्त तीनदा आकडे उघडायचे, तेही नुसते 'गट अ' नि 'गट ब' म्हणून. फरक ठरवलेल्या रेषेपलीकडे गेला तर चाचणी थांबवायची. नाही गेला तर तोंड शिवून घरी जायचं.

"तीनदाच का? दर आठवड्याला बघूया की," पुंडलिक म्हणाला.

"काका, सारखं बघत राहिलं तर एक ना एक दिवस नुसत्या नशिबानंही फरक दिसतोच. आणि आपण उगाच उड्या मारतो."

हे त्याला पटलं. ओली मूर्ती सारखी चाचपली की बोटं उठतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

घोळ झाला तो गोदूबाईमुळं. समितीच्या कागदावर एक रकाना होता: चाचणीत कुणी नातेवाईक आहे का? नातेवाईक नव्हता. शेजारीण होती, भिंतीला भिंत लागून, आणि शेजारणीला रकाना नव्हता. मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, शेजारी चालतात. त्यांना काय माहीत शेजार काय असतो! शेवग्याच्या शेंगांवरून दोघं तीस वर्षं भांडत होते, आणि पुंडलिकची बायको गेल्यापासून तीच गोदूबाई शिव्यांसकट रोज कालवणाची वाटी पाठवत होती. तिच्या पोटात कॅन्सर निघाला तेव्हा पुंडलिक दोन दिवस जेवला नव्हता. ती जगावी, एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्या बैठकीत रेष ओलांडली गेली नाही. जेवण म्हणून पावाचे दोन गुळगुळीत तुकडे मिळाले. भुकेला पुंडलिक पेणच्या स्टँडवर चार प्लेट मिरचीभजी चापून घरी आला नि पित्तानं तोंड वाकडं झालं. झालं! गावानं तोंड वाचलं. दुसऱ्या दिवसापासून गोदूबाईनं गोळी बंद केली.

"तुझं तोंडच सांगतंय. गोळीत दम नाय."

"भजी खाल्ली गो! मिरचीची!"

"मला शिकवू नको."

चौथ्या दिवशी तो तिला रिक्षात घालून पेणला घेऊन गेला आणि भजीवाल्याला साक्षीला उभं केलं. भजीवाल्यानं शपथेवर चार प्लेट सांगितल्या, तेव्हा कुठं बाईनं गोळी घेतली.

दुसऱ्या बैठकीतही रेष ओलांडली गेली नाही. या वेळी तो मुद्दाम हसत आला, तर गाव म्हणालं, एवढा हसतोय म्हणजे नक्की कायतरी दाबतोय. मग नितेश कारखानदारानं आपल्या कारखान्याच्या भिंतीवर कोळशानं पुंडलिकच्या तोंडाचा तक्ताच मांडला. रोज सकाळी पुंडलिक दात घासायला बाहेर आला की पाच-सहा जण निरखायचे आणि नोंद व्हायची: बरं, बरं, बरं. शेजारच्या हमरापूरहून चाचणीतल्या दोन पेशंटांची पोरंही मोटरसायकलवर बघायला यायची. तेविसाव्या दिवशी त्याची मान आखडली. नितेशनं लिहिलं, 'आंबट'. गोदूबाईनं गोळीचा डबा पुन्हा फळीवर ठेवून दिला.

पुंडलिकनं घाबरून मृणालीला फोन लावला.

"रोज बघतात?" ती म्हणाली. "मग महिन्यात एकदा तरी आंबट दिसणारच की, काका! म्हणून तर आपण तीनदाच बघतो."

त्यानं हे कारखान्यात सगळ्यांना समजावलं. नितेशनं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "पटलं. म्हणजे रोज एकदा बघून भागायचं नाय, दोनदा बघायला पायजे."

पुंडलिकनं कपाळावर हात मारला. गोदूबाईला मात्र त्याची दया आली असावी. दोन दिवसांनी तिनं डबा खाली काढला.

आणि तिसऱ्या बैठकीत रेष ओलांडली गेली.

अ गटातली माणसं जास्त जगत होती. बंद पाकीट उघडलं तर अ म्हणजेच खरी गोळी निघाली. ते नशीब नव्हतं, औषध होतं. चाचणी थांबवायची नि गोळी सगळ्यांना द्यायची असं ठरलं, पण कागदपत्रं होऊन पत्रं निघायला आठ दिवस लागणार होते. तोवर कुणी ब्र काढायचा नाही. पुंडलिकला नाचावंसं वाटत होतं, आणि गोदूबाईचा डबा अ की ब या विचारानं रडावंसंही. असलं तोंड घेऊन जोह्यात जाणार कसा?

पेणला उतरला तो थेट दातांच्या डॉक्टरकडे. "काढा एक दाढ."

"कुठली दुखतेय?"

"मागची. कुठलीपण."

डॉक्टर म्हणाला, सगळ्या ठणठणीत आहेत. पुंडलिकनं अशी काही बोंबलायला सुरुवात केली की बाहेरचे पेशंट उठून जायला लागले. तेव्हा डॉक्टरनं वैतागून एक उपटली.

गाल नारळाएवढा सुजला. नितेश कोळसा हातात धरून बराच वेळ समोर उभा राहिला आणि शेवटी त्यानं लिहिलं, 'वाचता येत नाय'.

ते आठ दिवस पुंडलिकला जन्माएवढे लांब गेले. सकाळ-संध्याकाळ भिंतीपलीकडे डब्याचं झाकण वाजायचं, मग पाण्याचा तांब्या. ती कदाचित पोकळ गोळी गिळतेय आणि आपण ऐकत बसलोय, या विचारानं त्याला घास जाईना. गोदूबाईला वाटायचं दाढ दुखतेय. ती मऊ भात आणून ठेवायची.

नवव्या दिवशी पत्र आलं. दुपारी गोदूबाई ते हातात घेऊन त्याच्या पडवीत आली.

"दोन वर्षं मी पोकळ गोळी खाल्ली. तुला ठाव व्हतं?"

"नाय गो. तुझा डबा कुठला, ते कुणालाच ठाव नव्हतं."

"आणि गोळी चालते ते?"

नाही म्हणता आलं असतं. "ते आठ दिवस ठाव व्हतं."

ती पुढं आली. सूज उतरली होती. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि कारखान्यातून निघालेली मूर्ती तपासावी तसं कपाळापासून खाली सगळं तपासलं. पुंडलिकनं डोळे मिटले नाहीत.

"खरं बोलतोस," ती म्हणाली. मग तिला काहीतरी सुचलं. "ती दाढ?"

"चांगली व्हती."

गोदूबाई मटकन ओट्यावर बसली, पोट धरून हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. "मेल्या, मला नुसतं 'गप बस गोदू' बोलला असतास तरी बसले असते की रे!"

"बसली असतीस?"

"नाय," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "सोमवारी खरी गोळी द्यायला बोलावलंय. तू चल संगती."