खैरुन्निसाने न पाठवलेला फॉर्म

मस्कतच्या गाला भागातल्या एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत खैरुन्निसा नऊ वर्षं एकच काम करत होती. शहरातल्या एका सरकारी इमारतीची देखभाल कंपनीकडे होती. तिथे कोणता मेकॅनिक कधी जाणार, हे ती तिथल्या खलफान नावाच्या ओमानी अधिकाऱ्याला मेलने कळवायची, आणि तिची यादी बघून तो गेटपास काढायचा. नऊ वर्षांत यादीतला एक आकडा चुकला नव्हता. त्याबद्दल त्या कार्यालयाने तिला आभाराचं प्रमाणपत्र दिलं, तेव्हा श्रीवर्धनला माहेरच्यांनी बघावं म्हणून तिने मोठ्या कौतुकाने त्याचा फोटो फेसबुकवर टाकला होता.

त्या रविवारी, तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास खलफानचा फोन आला.

"सिस्टर, तुम्हारा नया फॉर्म खुलता नहीं. दो बार पासवर्ड डाला."

"कौन सा फॉर्म?"

"अभी भेजा ना तुमने. गेटपास का."

तिने काहीच पाठवलं नव्हतं. "देखती हूँ," म्हणत तिने फोन ठेवला आणि मेल उघडला. पाठवलेल्या पत्रांत फॉर्मचा मागमूस नव्हता. पुसून टाकलेल्या पत्रांत मात्र तो सापडला. तिचं नाव, तिची सही, अगदी "खलफान भाई" ही तिची सुरुवातही तशीच. कुणीतरी तिची जुनी पत्रं वाचून तिच्यासारखं लिहिलं होतं.

गुरुवारी फेसबुकवर आलेला मेसेज तिला आठवला. शाळेतल्या एकनाथ गुरुजींचा फोटो, खाली मजकूर: "बाळ, दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो सापडला. तू पहिल्या रांगेत आहेस." लिंक दाबल्यावर मेल आणि पासवर्ड मागितला होता. समोर ऑफिसचाच मेल उघडा होता, म्हणून तिने तोच दिला. फोटो काही दिसला नाही. नेट हळू असेल, असं म्हणून ती कामाला लागली होती.

ती मॅनेजर धनंजयच्या केबिनमध्ये गेली. सगळं ऐकून त्याने केबिनचं दार लावून घेतलं.

"खैरूताई, कुणाजवळ बोलू नका. पासवर्ड बदला आणि खलास. मालकाला, अर्बाबला कळलं तर कंत्राट जाईल, आपण दोघंही जाऊ."

ती जागेवर येऊन बसली. पण खलफानच्या मेलमध्ये काय काय असतं, हे तिला ठाऊक होतं. कोणतं दार कुणासाठी उघडतं, कॅमेरे कुठे आहेत, साहेब लोक कुठल्या मजल्यावर बसतात. त्याने त्या फॉर्ममध्ये दोनदा पासवर्ड दिला, म्हणजे हे सगळं आता कुणीतरी वाचत असेल. उद्या त्या इमारतीत काही घडलं तर पहिलं नाव आपलंच निघणार. आपल्याला धरून नेलं, तर शाळेतून आलेल्या लेकीला, मुनिबाला, दार कोण उघडेल?

तिने खलफानला फोन लावला.

"भाई, वो फॉर्म मेरा नहीं है. मेरे नाम से किसी और ने भेजा."

मग तो हळूच म्हणाला, "मैंने आगे ग्यारह लोगों को भेज दिया, सिस्टर." लगेच त्याचा आवाज बदलला. "कुछ मत छूना. कंप्यूटर बंद भी मत करना."

तासाभरात पोलिसांच्या सायबर विभागातले तिघं जण आले, त्यात एक बाई होती. त्यांनी कंप्यूटर आणि तिचा मोबाइल ताब्यात घेतला. हा एकनाथ कोण, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी त्यांच्यासमोरच ऑफिसच्या फोनवरून तिने श्रीवर्धनला भावाकडून नंबर मिळवून गुरुजींना फोन लावला.

"मोतीबिंदू झाल्यापासून मी फेसबुक उघडलंच नाही गं," गुरुजी म्हणाले. "काय झालं? रडतेस का?"

बाईने शांतपणे सांगितलं, आम्ही बोलावू तोवर देश सोडायचा नाही.

पुढचे बारा दिवस खैरुन्निसा घरीच होती. अल हैल भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये लिफ्टचा आवाज झाला तरी ती दाराकडे बघत राहायची. नवरा हारून गॅरेजमधून दुपारी जेवायला घरी येऊ लागला. "खरं सांगितलंस ना? मग?" असं तो म्हणायचा. पण त्याचाही घास ताटातच राहायचा. मुनिबा अडखळत विचारायची, "अम्मी, तू चूक केलीस का?" आणि खैरुन्निसा तिचं दप्तर आवरायला घ्यायची.

तेराव्या दिवशी बोलावणं आलं. पहिल्या दिवशीचीच बाई समोर बसली होती. तिने सांगितलं की हे लोक आधी फेसबुकवर माणूस हेरतात. तुमच्या प्रमाणपत्राचा फोटो आणि शाळेचं नाव त्यांना पुरलं. खलफानच्या अकरा लोकांपैकी दोघांनी पासवर्ड दिला होता. तुमचा फोन वेळेवर आला म्हणून ती खाती बंद करता आली. खलफानची जुनी पत्रं मात्र गेली. इमारतीची सगळी कुलपं आणि कार्डं बदलावी लागली.

"तुम्ही जाऊ शकता."

बाहेर हारूनच्या गाडीत बसल्यावर खैरुन्निसा पदर तोंडात धरून रडली.

नोकरी राहिली, पण गेटपासचं काम दुसऱ्याकडे गेलं. खलफानलाही त्या टेबलावरून हलवलं, असं तिच्या कानावर आलं. त्याला फोन करण्याचं धाडस तिला आजवर झालेलं नाही. आता स्टोअरमध्ये ती फिल्टर आणि कॉम्प्रेसरच्या नोंदी ठेवते. सख्ख्या भावाने भाचीचा फोटो पाठवला, तरी आधी त्याला फोन लावून विचारते, "तूच पाठवलास ना?" भाऊ वैतागतो. तो हो म्हणाला तरी तिचं बोट फोटोवर टेकायला वेळ लागतो.