वावरातल्या जेवणाचा फोटो

अन् त्या मोबाईलले काय माहीत वावरात कसं जेवतात? साखर वाढली म्हणून पोरीनं आहाराचं अ‍ॅप टाकून देलं. म्हणे, आई, जेवायच्या आधी फोटो काढायचा, मंग किती खाल्लं ते भरायचं.

किती म्हणजे कसं सांगू? निंदणाच्या, तण काढणाऱ्या आम्ही बाया दुपारी निंबाखाली गोल बसतो. सगळ्यायच्या भाज्या मधात ठेवतो. जिचा हात जिथं पुरला तिथून ती खाते. कोणी काय आणलं ते कोणी पाहत नाही.

आज मी म्हटलं, "थांबा वो, फोटो काढू द्या."

सगळ्यायचे हात थांबले. शांताबाईनं आपला डबा झाकून घेतला. त्यात नुसती मिरचीची चटणी होती. म्हणे, "काऊन वो, माही चटणी डॉक्टरले दाखोतं काय?"

मी म्हटलं, "तुही नाही, माह्या पोटाची चौकशी हाय."

"मंग तुह्या पोटाले घेऊन तिकडं बस," दुसरी बोलली. बाकीच्या हासल्या. शांताबाई डबा घेऊन उठली अन् वावराच्या कडेले धुऱ्यावर एकटी जेवली. आजपर्यंत असं झालं नव्हतं.

घरी येऊन पाहतो तर अ‍ॅप म्हणते, दुपारचं जेवण भरायचं राहिलं.

साखर हाय, गोळी सुरू हाय, पथ्य पाळीन. पण वावरात फोटोचं नाव पुन्हा काढणार नाही.

ग्रुपमधल्या साखरवाल्या बायांनो, असं मधात ठेवलेलं सगळ्यायचं जेवण तुम्ही अ‍ॅपात कसं भरता? रविवारच्या संध्याकाळपर्यंत सांगा, नाही तर अ‍ॅप काढून टाकतो. सोमवारी पुन्हा निंदण हाय, अन् मले शांताबाईच्या बाजूले बसायचं हाय.