चौसष्ट भांडणांची पेटी

आमच्या शाळेत मुलांना भांडणं मिटवायला शिकवायच्या त्या बाई स्वतः इतक्या भांडखोर होत्या, की त्या लांबून दिसल्या की भाजीवाला पालेभाजीवर पाणी मारायचं थांबवायचा. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. गरीब माणूस. दुकानात शंभर घड्याळं टिकटिकतात, पण घरात आवाज एकीचाच, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे पहिल्यांदा मीच म्हणालो होतो, मग ते पसरलं. चांगली गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

बाई चित्रकला शिकवायच्या. अकरा वर्षं हंगामी. दरवर्षी शाळा उघडली की हातात नवं पत्र पडायचं, की यंदाच्या वर्षापुरतं ठेवून घेतलं आहे. आणि दरवर्षी बाई ते पत्र घडी करून पर्समध्ये ठेवताना कारकुनाला एकदा तरी म्हणायच्या, "यातला वर्षाचा आकडा तेवढा पेन्सिलीनं लिहीत जा, कागद तरी वाचेल."

रिकामे तास नेहमी हंगामी माणसाच्या गळ्यात पडतात. तसा सहावीचा एक तास बाईंच्या गळ्यात पडला. वर्गात शिरल्या तर एक उंच मुलगा आणि एक चष्मेवाला एकमेकांच्या कॉलरला धरून उभे.

"बाई, यानं माझी वही पाण्यात टाकली!"

"आधी यानं माझं नाव सरांना सांगितलं!"

दुसरं कुणी असतं तर दोघांना एकेक ठेवून दिली असती. मीही मास्तरच, मीही दिली असती. बाईंनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि दोघांना बसवलं. म्हणाल्या, "उंच्या, तू आता चष्मेवाला. त्याची बाजू त्याच्यासारखी सांग."

उंच्या म्हणाला, "मी ढापण्या. मी सगळ्यांच्या चहाड्या करतो."

"ए, मी असं कधी म्हणालो?" चष्मेवाला उसळला.

"बघ, त्याची मान हलली नाही. पुन्हा सांग," बाई उंच्याला म्हणाल्या.

तीन-चार वेळा झालं. वर्ग खिदळत होता. शेवटी उंच्या हळू आवाजात म्हणाला, "मी चष्मा दप्तरात लपवतो. कारण घातला की सगळे ढापण्या म्हणतात. मग फळ्यावरचं दिसत नाही, मग सर मला ओरडतात." चष्मेवाल्याची मान आपसूक हलली. "हे तुला कुणी सांगितलं?" एवढंच त्यानं विचारलं.

त्या दिवसापासून तो भांडणाचा तास झाला आणि बाई भांडणबाई झाल्या. नियम तीनच. समोरच्याची बाजू आपल्या तोंडानं सांगायची. त्याची मान हलेपर्यंत थांबायचं नाही. आणि बाजू बरोबर सांगितली गेली, तर मान अडवून ठेवायची नाही. हा तिसरा नियम बाईंचा फार लाडका. "खरं ऐकूनही मान न हलवणारा हा चोरच," असं त्या म्हणायच्या.

मग पत्ते आले. जुन्या कॅलेंडरची पानं जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, कोऱ्या बाजूवर बाईंनी एकेक भांडण काढलं. कुणी न विचारता डबा खाल्ला, कुणी खिडकीजवळची जागा बळकावली, कुणी मैत्रिणीचं गुपित वर्गात फोडलं. चेहऱ्यांना डोळे, भुवया, सगळं होतं. फक्त तोंड नव्हतं. ते मुलांनी पेन्सिलीनं काढायचं, आपलं नाही, समोरच्याचं. सहा वर्षांत चौसष्ट पत्ते झाले. नवऱ्यानं भिंतीवरच्या घड्याळाची एक रिकामी लाकडी पेटी दिली, तीत ते बरोबर मावले. त्या पेटीला बाई कुणाला हात लावू देत नसत.

एकदा एका मुलीनं तिढा टाकला. तिची रंगपेटी मैत्रिणीनं घेतली होती. मैत्रिणीनं हिची बाजू इतकी सुंदर सांगितली, की वर्गानं टाळ्या वाजवल्या. हिनं नियमाप्रमाणे मान हलवली आणि मग म्हणाली, "बाई, तिला माझं सगळं कळलं. पण रंगपेटी तिच्याकडेच आहे." तेवढ्यात घंटा झाली. बाईंनी त्या पत्त्याच्या मागे पटकन लिहून ठेवलं, "उरलेलं सोमवारी." सोमवारी परीक्षा लागली. ते राहून गेलं.

पुढे वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. शाळाशाळांत मुलांची मारामारी वाढली आहे, तरी समेट शिकवण्याचं साहित्य कुणी तयार केलं असल्यास पाठवा, उत्तम असेल ते छापून सगळीकडे वाटू. मुख्याध्यापक सरांनी बाईंना बोलावून घेतलं. "तुमच्या नावानं पुस्तिका निघू द्या. मग तुम्हाला कायम करायला मी स्वतः लिहितो. कुणाची हिंमत आहे नाही म्हणायची!"

त्या दिवशी बाई भाजीवाल्याशीही गोड बोलल्या. तो घाबरला.

साहित्य नीट मांडून लिहायचं काम पर्यवेक्षिका बाईंकडे गेलं. या बाई म्हणजे जिभेवर साखर आणि डोक्यावर बर्फ. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. "अगं, तुझं अक्षर मोत्यासारखं, पण सरकारी भाषा तुला कशी येणार? दे पेटी माझ्याकडे. दोनच दिवस." भांडणबाईंनी जन्मात पहिल्यांदा ती पेटी दुसऱ्याच्या हातात दिली. दोन दिवसांचे पाच महिने झाले.

पुस्तिकांचा गठ्ठा आला तो थेट शिक्षकांच्या खोलीत. निळं मुखपृष्ठ, त्यावर तोंड नसलेला चेहरा, खाली पर्यवेक्षिका बाईंचं नाव. आत शेवटच्या पानावर, 'सर्व सहकाऱ्यांचे आभार'. त्या सर्वांत मीही आलो, कारकूनही आला आणि पाणी भरणारी मावशीही आली. नक्कल तरी कशी? रंगपेटीच्या पत्त्यामागची चिठ्ठीसुद्धा उपक्रमात छापलेली: 'उरलेला भाग सोमवारी घ्यावा.' ठिकठिकाणच्या शाळांत मास्तर लोक तो उपक्रम शुक्रवारी सुरू करून सोमवारची वाट बघत बसले असतील. आयत्या बिळावरच्या नागोबाला बीळ किती खोल आहे ते कुठून माहीत असणार!

आम्ही पानं उलटून हसलो. दबक्या आवाजात 'फारच झालं हे' असंही म्हणालो. पण सगळ्यांची वेळापत्रकं पर्यवेक्षिका बाई लावायच्या. आपलेच दात, आपलेच ओठ.

भांडणबाई मात्र हसल्या नाहीत. पुस्तिका घेऊन सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. "सर, हे काय आहे? नाव बदलून घ्या, नाहीतर मी वर लिहिते."

आता मुख्याध्यापक पडले मुरलेले. साप मरावा आणि काठीही मोडू नये अशी त्यांची तऱ्हा. म्हणाले, "बाई, वर कशाला? ज्या शाळेनं जगाला समेट शिकवला, तिच्यातच भांडण? लोक काय म्हणतील! आपण तुमच्याच पद्धतीनं मिटवू. की तुमची पद्धत फक्त पोरांसाठी आहे?"

इथे बाई अडकल्या. दुसऱ्या कशालाही त्यांनी नाही म्हटलं असतं.

दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. साक्षीला कारकून आणि मी. आधी पर्यवेक्षिका बाई बोलल्या, भांडणबाई होऊन. आणि काय बोलल्या! "मी अकरा वर्षं हंगामी आहे. रिकामे तास माझ्या गळ्यात मारले गेले, त्यांचं मी सोनं केलं. चौसष्ट पत्ते माझ्या हाताचे. मी विश्वासानं पेटी दिली आणि माझ्या कष्टावर दुसरीनं आपलं नाव टाकलं. हे नाव गेलं तर माझी कायम होण्याची आशाही गेली. मला रात्र-रात्र झोप येत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. कारकुनानं नाक ओढलं.

"बरोबर सांगितलं का गं?" त्यांनी पदरानं डोळे टिपत विचारलं.

सगळं बरोबर होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. खरं ऐकूनही मान न हलवणारा कोण, ते भांडणबाईंनी सहा वर्षं फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली.

मग त्यांची पाळी आली. त्या पर्यवेक्षिका बाई होऊन बोलल्या. "मी तीस वर्षं नोकरी केली. वेळापत्रकं लावली. मागे राहील असं काहीच केलं नाही. दोन वर्षांनी मला कुणी ओळखणार नाही, म्हणून मी हिचं घेतलं."

"छे, छे," पर्यवेक्षिका बाई गोड हसल्या. "हे माझ्या मनातही नाही. मान कशी हलवू?"

"पुन्हा सांगा, बाई," मुख्याध्यापक म्हणाले. "नियम तुमचाच आहे."

"मी... मी घाईत होते. नाव टाकायचं राहून गेलं."

"अं हं. राहून कसं जाईल? असं मी म्हणणार नाही."

पाच वेळा झालं. घोटीव संगमरवरासारखी ती मान जागची हलेना. प्रत्येक वेळी भांडणबाईंचा आवाज थोडा खाली यायचा आणि वाक्यातून थोडं खरं गळायचं. सहाव्या वेळी त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मी हे शाळेसाठी केलं. सगळ्यांचं काम होतं. वरून एकच नाव मागितलं होतं, म्हणून मोठीचं दिलं. माझ्या मनात पाप नव्हतं."

पर्यवेक्षिका बाईंची मान हलली. दोनदा हलली.

"मिटलं!" मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली. "चहा सांगा रे." आणि वहीत नोंद करून घेतली, की वाद उभयपक्षी सामोपचारानं मिटला. खाली दोघींच्या सह्या. साक्षीदार म्हणून आमच्याही. मी केली. पेन चांगलं चालत होतं.

त्यानंतरच्या तासाला एका मुलीनं दुसरीचं चित्र फाडलं. फाडणारी खुर्चीत बसून छान बोलली. जिचं चित्र फाटलं तिची मान हलणार, एवढ्यात बाईंनी तिची हनुवटी धरली. "थांब. इतक्यात नाही. आधी विचार, चित्र कोण चिकटवून देणार?"

मग रोज तेच. मुलं मान हलवेनात, घेतलेलं परत मागायला लागली. एकेक भांडण चार-चार दिवस चालायला लागलं. पालक तक्रारी घेऊन आले, की आमची मुलगी घरी येऊन हिशोब मागते. मुख्याध्यापकांनी निळी पुस्तिका उघडून दाखवली. "बाई, यात असं कुठे लिहिलंय? पुस्तिकेप्रमाणे शिकवा." बाई म्हणाल्या, "पुस्तिका अर्धी आहे. उरलेली माझ्याकडे आहे." मुख्याध्यापक म्हणाले, "मग ती घरीच ठेवा."

पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा पत्र आलं नाही. बाईंनी चित्रकलेच्या कपाटाची किल्ली आणून दिली, ब्रश मोजून दिले, यादीवर सही घेतली. पर्यवेक्षिका बाई जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. "मनात काही ठेवू नकोस हं." बाईंनी सही केलेली यादी पर्समध्ये ठेवली आणि जिना उतरल्या.

आता पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली आहे. पर्यवेक्षिका बाई निवृत्त झाल्या तरी व्याख्यानांना जातात, भांडण कसं मिटवावं यावर. भांडणबाई आम्हा कुणाशी बोलत नाहीत. समोरून आल्या तर रस्ता ओलांडतात, आणि वाहनांची गर्दी असली तरी ओलांडतात.

मागे घड्याळाचा पट्टा बदलायला मी त्यांच्या नवऱ्याच्या दुकानात गेलो. बाई आतल्या बाजूला होत्या, माझा आवाज ऐकून दार लोटून घेतलं. मी हळूच म्हणालो, "फार दिवस झाले हो. एकदा सगळ्यांनी बसून बोललं तर? मी मध्ये पडतो."

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. पट्टा बसवत म्हणाला, "नको, मास्तर. जन्मभर तिनं लोकांची भांडणं मिटवली. हे एक तिचं तिला राहू द्या."