कारण स्वतःच्या अक्षरात

आमच्या बालकल्याण कार्यालयात त्यांना सगळे मापबाई म्हणतात. नोकरीआधी त्या आठ वर्षं शिवणाच्या कारखान्यात होत्या. आता त्या दुसऱ्यांच्या घरी वाढणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचे आराखडे करतात. मूल सोळाचं झालं की पुढे काय शिकायचं, कुठे राहायचं, हे एका फॉर्मावर मांडतात आणि मंजुरी समिती देते.

मापबाई स्वतः अशाच वाढल्या. त्या वेळचे अधिकारी, ज्यांना अजूनही मोठे साहेब म्हणतात, मुलं येण्याआधीच फॉर्म भरून ठेवत. मुलांनी फक्त सही करायची. एका सकाळी अकरा मुलींची आयुष्यं पंधरा मिनिटांत मार्गी लागली. बाईंना गणितात ब्याऐंशी गुण होते. गुणपत्रिका हातात तशीच राहिली. कुणी मागितलीच नाही. फॉर्मावर आधीच लिहिलेलं होतं, ‘हाताने बरी, डोक्याने बेताची. शिवणकाम.’

त्याची प्रत बाईंनी जपून ठेवली. नोकरी लागल्यावर सहा वर्षं वरिष्ठांच्या पाठी लागून त्यांनी नियमावलीत एक कलम घालून घेतलं. समितीत कशालाही नकार देणाऱ्याने कारण स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि ज्या मुलाचं काम अडणार, त्याच्यासमोर वाचून दाखवायचं. मुलांच्या भल्यासाठी, असं आम्ही समजलो. ते अर्धं खरं होतं. समितीचं अध्यक्षपद रिकामं झालं तेव्हा निवृत्त मोठ्या साहेबांचं नाव बाईंनीच सुचवलं.

“अनुभवी माणूस आहे,” एवढंच म्हणाल्या.

पहिल्याच बैठकीला एक मुलगी आली. काडीसारखी, म्हणून घरात तिला पेन्सिल म्हणत. सोबत तिला सांभाळणारी मावशी. मुलीला भूमापन शिकायचं होतं. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता पावलांनी मोजून तिने नकाशा काढला होता. त्यात गटाराची झाकणंसुद्धा होती.

साहेबांनी नकाशा बाजूला सारला. “तीन वर्षं? अठराला आपली जबाबदारी संपते. केस कापायचा सहा महिन्यांचा कोर्स कर, बाळ. लवकर पायावर उभी राहशील.”

“ती माझ्याकडेच राहणार आहे, साहेब,” मावशी म्हणाली. “अठरा भरले म्हणून बाहेर काढू? फ्रिज आहे का ती, वॉरंटी संपली म्हणून टाकून द्यायला?”

“तुम्ही मध्ये बोलू नका. नामंजूर.”

मापबाईंनी पेन पुढे केलं. “कारण लिहा. त्याआधी हा जुना नमुना मोठ्याने वाचा, म्हणजे भाषा जुळेल.”

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. ‘डोक्याने बेताची’पाशी आवाज उतरला. खाली त्यांचीच सही होती.

“ही कोण?”

“तुमच्या अकरांतली एक. ओळखा.”

साहेब त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाईंनी नजर हटवली नाही.

“मला आठवत नाही, बाई.”

“मला आठवतं.”

“मग माझ्या फॉर्मावर काय लिहिताय?” पेन्सिलने विचारलं.

साहेबांनी नकाशा परत ओढून घेतला, बराच वेळ पाहिला आणि ‘मंजूर’ लिहिलं. मावशीने डोळे पुसले आणि साहेबांचे आभार न मानताच मुलीला घेऊन निघाली.

जिन्यात साहेबांनी बाईंना गाठलं. “चूक झाली माझी. माफ करा.”

“माफीचा रकाना फॉर्मात नाही,” म्हणून बाई वर गेल्या.

पुढच्या बैठकीला साहेब राजीनामा घेऊन आले. बाईंनी तो उलटसुलट पाहिला.

“टंकलिखित चालत नाही. राजीनामा म्हणजे नकारच. हाताने लिहा. तुम्ही गेलात तर ज्यांचं काम अडेल अशी चार मुलं बाहेर बाकावर बसली आहेत, त्यांना आत बोलावते. त्यांच्यासमोर वाचा.”

“किती छळाल?”

“तुमची मुदत अजून पाच वर्षं आहे.”

साहेबांनी दाराच्या काचेतून बाकाकडे पाहिलं. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि खुर्चीवर बसले. बाईंनी आपला जुना फॉर्म त्यांच्या समोर, फायलीच्या अगदी वर ठेवला आणि पहिल्या मुलाला हाक मारली.