अंगणातली मोटार काढली तेव्हा

भडगावजवळच्या आमच्या गावी, घरासमोरच्या लिंबाखाली, एक पांढरी मोटार बरीच वर्षं उभी होती. ती माझ्या थोरल्या दिरांची. मी त्यांना भाऊ म्हणायची. एका चांगल्या वर्षी त्यांनी ती हौसेने घेतली होती, तीही जुनीच. पुढे ते नोकरीला धुळ्याला गेले, इंजिन बसलं आणि गाडी आमच्या दारात राहिली. चारही टायरांतली हवा गेली. पावसाळ्यागणिक चाकं मातीत रुतत गेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

गाडी काढा, असं मात्र कुणी म्हणत नव्हतं. आमच्या यांना वाटायचं, भावाला वाईट वाटेल. आणि सगळ्यांनाच वाटायचं, नानांचा तिच्यात जीव आहे. नाना म्हणजे माझे सासरे. रोज संध्याकाळी ते बॉनेटला टेकून उभे राहायचे, तेच आम्ही बघत होतो.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी भर दुपारी माझी चार वर्षांची मुलगी दिसेना. विहीर बघितली, शेजारीपाजारी विचारलं. शेवटी मोटारीच्या काचेआड तिचा लाल फ्रॉक दिसला. अंडी बघायला आत गेली होती आणि दार लागलं होतं. आतली कडी तुटलेली. यांनी बाहेरून दार ओढून काढलं. पोरगी घामाने निथळत होती, चेहरा लालबुंद, डोळे अर्धवट मिटलेले. ओल्या लुगड्यात गुंडाळून तिला घोट घोट पाणी पाजलं. थोड्या वेळाने ती रडायला लागली, तेव्हा मी खाली बसले.

"आता ही गाडी इथे नको," मी यांना म्हटलं.

"भाऊ आखाजीला येतोय. बघू," हे म्हणाले. मला कळलं, हे बोलायचे नाहीत.

भाऊ आले. मी आजवर त्यांच्याशी जेवायला वाढण्यापलीकडे बोलले नव्हते. पाण्याचा तांब्या ठेवला आणि पदर सावरून त्या दुपारचं सगळं सांगितलं.

"मी दर खेपेला ठरवून येतो, भंगारात देऊन टाकू म्हणून," ते म्हणाले. "पण नानांकडे बघितलं की तोंड उघडत नाही."

नाना ओसरीवर होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"माले ती कव्हयच नको व्हती," ते म्हणाले. "तुमले वाईट वाटी म्हनीसन मी बोलनू नही."

"मग रोज तिला टेकून उभे का राहता?" यांनी विचारलं.

"लिंबखाले खाट टाकाले जागा कोठे शे?"

भाऊ आधी हसले, मग आम्ही सगळेच.

भंगारवाल्याचा ट्रक जळगावहून यायचा होता. त्याने निरोप दिला की ट्रक गल्लीत शिरणार नाही, गाडी सडकेवर आणून ठेवा. ट्यूबा तर कुजलेल्या, हवा भरायची सोय नव्हती. कोंबडीची अंडी, सरकीचं पोतं, पंपाच्या पट्ट्याचे तुकडे असं काय काय आतून निघालं. टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल भाऊंनी नळीने काढलं. यांनी कुदळीने चाकांभोवतीची माती उकरली, जॅक लावून एकेक चाक उचललं. दोन चाकं जाम होती. रॉकेल ओतून, ठोकून ठोकून ती फिरती केली. नानांनी मळ्यातून केळीची वाळलेली पानं आणवली आणि टायरांमध्ये दाबून दाबून भरायला लावली. टायर फुगले नाहीत, पण रिमा जमिनीला घासायच्या थांबल्या.

मग पुढे बैलजोडी जुंपली. नाना बैलांपाशी, दोघे भाऊ मागून ढकलायला. स्टिअरिंग धरायला माणूस उरला नाही.

"तू बस," भाऊ मला म्हणाले.

मी त्या गाडीत पुढे कधी बसले नव्हते. स्टिअरिंग दगडासारखं जड. नाना पुढून हात करतील त्या बाजूला मी अंगाचा भार टाकून ते फिरवायची. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. वळणावर गाडी गटाराकडे गेली, मी डोळे मिटले, बैल थांबले, मग पुन्हा निघालो. सडकेवर पोचलो तेव्हा माझे तळहात सोलले होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

ट्रकवाल्यांनी फळ्या लावून, दोराने ओढून ती वर चढवली. ट्रक एरंडोलच्या दिशेने वळेपर्यंत आम्ही उभे होतो. कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

घरी येऊन सगळ्यांनी हौदापाशी राखेने हात घासले. काळं काही केल्या जाईना. तशाच हातांनी रस-पोळी खाल्ली. भाऊंनी वाटी पुन्हा पुढे केली, आपणहून. जेवून ते ओसरीवर आडवे झाले आणि बोलता बोलता झोपी गेले.