हिमयुग बघायला भर मे महिन्यात समुद्रपूरला

ध्रुवाकडच्या बर्फाळ डोंगरांत कुणा साहेबाला दगडावर किड्यांचे माग सापडले, आणि त्यामुळे मला भर मे महिन्यात समुद्रपूरला जावं लागलं. साल अठ्ठावन्न. नागपूरच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे मुलांना दगड दाखवायचे आणि विभागप्रमुखांचे दगड उचलायचे. विभागप्रमुखांना आम्ही नुसतं 'सर' म्हणत असू. त्या साहेबाच्या लेखातले फोटो सर दोन दिवस भिंगाखाली धरून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, असले माग आपल्याकडेही असलेच पाहिजेत.

यात खोटं काही नव्हतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्याकडे हिमनद्या होत्या, आणि त्यांच्या पाण्यात साचलेला चिखल आज हिरवट दगड होऊन कुठंकुठं वर आलेला दिसतो. त्या चिखलातून सरपटलेला किडा कधीच नाहीसा झाला, त्यानं उमटवलेली रेघ मात्र राहिली. ती शोधायची होती. हिवाळ्यात जाऊ, असं मी सुचवून पाहिलं. सर म्हणाले, हिवाळ्यात दुसरं कुणी जाईल.

पहिला दिवस मोटारीत गेला. नागपूरहून सकाळची सरकारी मोटार पकडून जामच्या फाट्यावर उतरलो. तिथं चहा घ्यावा, भजी घेऊ नयेत. पुढची मोटार दीड तासानं आली आणि समुद्रपूरला पोचेपर्यंत धुळीनं माझ्या केसांचा रंग वाटेतल्या कपाशीच्या रिकाम्या वावरांसारखा झाला होता. पुढं तीन कोस बंडीनं. गाडीवान म्हादूला मी सांगितलं की आम्ही बर्फ होता ती जागा बघायला आलोय. त्यानं आधी माझ्याकडे, मग सूर्याकडे पाहिलं आणि बैल हाकले.

गावच्या पाटलांनी आम्हाला चावडीत उतरवलं. जेवायला भाकर, बेसन आणि जवसाची चटणी. चटणीसाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन. सरांनी नागपूरहून पाण्याची मोठी सुरई आणली होती. परगावचं पाणी पोटाला बाधतं, असं ते म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हादूच्या बंडीनं जाऊन नाल्याकाठी शोध सुरू केला आणि तासाभरात सरांना हिमनदी सापडली. एका मोठ्या दगडावर समांतर खोल ओरखडे होते. सरकत्या बर्फात अडकलेले खडे असेच ओरखडे काढतात. सरांनी होकायंत्र लावलं. हिमनदी ईशान्येकडून आली, असं सांगून ते मला मापं लिहायला लावत होते, तेवढ्यात चाळिशीची एक बाई आली. बाजूला बसून तिनं पदराखालचा विळा काढला आणि एका ओरखड्यात घालून घासायला लागली. हिमनदीची दिशा आणि विळ्याची दिशा एकच होती.

तिचं नाव सुभद्राबाई. तिनं मला विचारलं, "काऊन मोजून राह्यले साहेब? हे तं इळे पाजवाचे गोटे आहेत." तिचा सासराही इथंच विळे पाजवायचा, असं तिनं सांगितलं. मी ते सरांच्या कानावर घातलं. त्यांनी वहीत नोंद करायला लावली: 'स्थानिक लोकांत एक वेगळी समजूत आहे.'

तरी आम्ही नेमकं काय शोधतोय हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी काडीनं धुळीत वळणावळणाची दुहेरी रेघ काढून दाखवली. तिनं ती नीट पाहिली आणि म्हणाली, असा दगड आमच्या विहिरीवर आहे.

विहीर गावाबाहेर, बौद्ध वस्तीला लागून होती. ती होईपर्यंत या लोकांना गावच्या विहिरीजवळ भांडी घेऊन उभं राहावं लागे, कुणी वरून पाणी ओतलं तर ओतलं. दीड वर्षापूर्वी वस्तीनं दीक्षा घेतली आणि ठरवलं की आता उभं राहायचं नाही. बायकामाणसांनी मिळून स्वतःची विहीर खणली. खणताना खालून एक सपाट, हिरवट शिळा निघाली. ती काठावर बसवून तिच्यावर पाय रोवून बाया पाणी ओढत.

सुभद्राबाईनं शिळेवर बादली ओतली आणि माग उजळून आला. दोन बारीक रेघा, मध्ये ठिपके. एका जागी वळण घेऊन पुढं गेलेल्या. त्या साहेबाच्या फोटोतही एवढा स्वच्छ नव्हता. सर गुडघ्यांवर बसले, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. त्यांच्याबद्दल मी पुढं जे लिहिणार आहे, त्यात हेही धरावं.

सुरई एव्हाना रिकामी झाली होती. सुभद्राबाईनं तांब्या पुढं केला. सर म्हणाले, तहान नाही. मी पाणी प्यालो. थंड आणि गोड होतं.

मग सर उठले, हात झटकले आणि ही शिळा नागपूरला न्यायची असं म्हणाले. शिळा काढली तर काठ ढासळेल, हे मला दिसत होतं, तर बाईला दिसणारच. ती तांब्या हातात धरून मला म्हणाली, "पाणी नाई चालत साहेबाले, अन् गोटा चालते का?" सरांनी ऐकलं नसावं. किंवा ऐकलं असावं, कारण ते भराभर चालायला लागले.

चावडीवर पाटील एकदम शास्त्रप्रेमी झाले. खणल्यापासून ती विहीर त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. सकाळी चार माणसं आणि पहारी देतो, काठ पडला तर पडला, म्हणाले. फक्त कॉलेजचा कागद हवा, म्हणजे कुणी बोलायला नको. सरांनी मला पत्र तयार करायला सांगितलं.

सर कोणताही कागद न वाचता सही करत, ही गोष्ट आमच्या विभागातला शिपाईसुद्धा जाणून होता. मी लिहिलं: 'सदर शिळा मूळ जागेवरून हलविल्यास तिचे शास्त्रीय मूल्य नष्ट होते. सबब ती विहिरीच्या काठावरून कोणीही हलवू नये. हलविणारा सरकारास जबाबदार राहील.' शास्त्राच्या दृष्टीनं यात थाप एकच होती, शेवटच्या वाक्यात. सरांनी सही केली आणि वर कॉलेजचा शिक्का मारला.

तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपाशी पाटील, त्यांची चार माणसं आणि सगळी वस्ती जमली. पाटलांनी माझ्या हातून कागद घेऊन मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांचा आवाज उतरत गेला. सर माझ्याकडे बघत राहिले. सही कशावर केली ते आपल्याला ठाऊक नव्हतं, हे पाटलांसमोर त्यांना कबूल करता येईना. शेवटी घसा साफ करून ते म्हणाले, शास्त्राचा तसाच दंडक आहे. पहारी परत गेल्या. आम्ही शिळेवर प्लास्टर ओतून मागाचा ठसा घेतला.

मी स्वतःवर फार खूश होतो. तो कागद मी सुभद्राबाईकडे दिला, जपून ठेवा म्हणालो. तिनं तो पुन्हा वाचून दाखवायला लावला. शेवटपर्यंत ऐकल्यावर म्हणाली, "किड्याचं लिहिलं. आमचं काई लिहिलं का?"

नव्हतं लिहिलं. कागद परत घेऊन मी खाली ओळ घातली: 'ही विहीर येथील बौद्ध वस्तीने स्वतः खणलेली असून तिच्यावर त्यांचा हक्क आहे.' या ओळीखाली सर सही करणार नव्हते. मी माझी केली.

महिन्याभरात पाटलांची तक्रार कॉलेजात आली. विहिरीचे हक्क ठरवणारा डेमॉन्स्ट्रेटर कोण, असा मला खुलासा विचारला गेला. खुलासा मी दिला आणि जूनमध्ये माझी नेमणूक पुढं चालू राहिली नाही. सरांचा लेख छापून आला. त्यात शिळेचं ठिकाण 'एका ओसाड नाल्यात' असं आहे, आणि हिमनदी ईशान्येकडूनच आलेली आहे. मला वर्ध्याच्या शाळेत काम मिळालं आणि आम्ही गावालगतच्या नालवाडीत बिऱ्हाड केलं. बायकोनं पहिले काही महिने त्या किड्याला बरंच ऐकवलं, मग शेजार आवडल्यावर सोडून दिलं.

नोकरीचं दुःखही वर्षभरात ओसरलं. राहिलं ते वेगळंच. वर मी 'पाणी प्यालो' असं ऐटीत लिहिलं आहे. ते खरं आहे, पण पुरतं नाही. तांब्या तोंडाला लावण्याआधी मी मान वळवून पाहिलं होतं, म्हादू बघतोय का. तो लांब बंडी सोडून, पाठमोरा, बैलांना चारा घालत होता. मग मी प्यालो. सुभद्राबाई समोरच उभी होती. मी मान वळवली तेव्हा तिनंही त्याच दिशेला पाहिलं, आणि मग माझ्याकडे.